राणी चोरली तरी

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी जिन्याखाली कॅरम चालतो. तिथला माझा एक दोस्त पूर्वी राणी घेतली की असा ओरडायचा, की पवईच्या तलावावरचे बगळे उडून थेट ठाण्याला जायचे. फाउल कबूल करण्यापेक्षा त्याने खुशाल एक किडनी काढून दिली असती.

हल्ली मात्र तो फाउल मुकाट्याने मान्य करतो. हरला तरी "ठीक आहे", जिंकला तरी "ठीक आहे". आम्हाला वाटलं, वयाबरोबर शहाणपण आलं.

परवा मी मुद्दाम सगळ्यांदेखत बोर्डावरची राणी उचलून खिशात टाकली. आता दंगल होणार म्हणून बाकीचे दोघे मागे सरकले. तो म्हणाला, "तुझा चान्स झाला ना? मग मी मारतो."

मी राणी परत बोर्डावर ठेवली. बाकीचे गेल्यावर विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

"बराच आहे. जेवतो, ऑफिसला जातो. पोरगी पास झाली, पेढे वाटले. पण आत काही हललंच नाही रे. दोन-तीन महिने असंच चाललंय."

"मग डॉक्टरला दाखव की."

"काय दाखवू? दुखत तर काहीच नाही."

"हेच सांग ना. मी येतो बरोबर."

त्याने स्ट्रायकरवरची पावडर पुसली. मग म्हणाला, "ये. पण तिथे वाढवून सांगू नकोस हां."

मी हो म्हटलं. काहीच वाटत नाही, हे वाढवून सांगायचं तरी कसं?