भाजणीतल्या पाटल्या

सोनं पिठात ठेवायचं, ही आमच्या घराण्याची रीत आहे.

बँकेचा लॉकर म्हणजे चोराला पत्ता देणं आणि घरचं कपाट म्हणजे त्याला आमंत्रण, असं माझी सांगलीची आत्या म्हणते. तिच्याकडे खरंच एकदा चोर आले होते. त्यांनी कपाट फोडलं, साड्या नेल्या, मिक्सर नेला, देवघरातली पितळी घंटासुद्धा नेली (तिचा त्यांना काय उपयोग, हे आत्याला अजून कळलेलं नाही), पण ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. आत्याच्या बांगड्या त्यात सुखरूप होत्या. तेव्हापासून आमचा बँकांवर, कपाटांवर आणि एकंदरीत माणसांवर विश्वास नाही. पिठावर मात्र आहे.

मी नेदरलँड्समध्ये, बाडहूव्हडॉर्पला राहतो. गावाला लागूनच स्किपोल विमानतळ आहे, त्यामुळे आमच्याकडे नवराबायकोची भांडणंसुद्धा विमान जाईपर्यंत थांबवावी लागतात. गेल्या उन्हाळ्यात माझ्या बायकोने, केतकीने, असंच एक विमान जाऊ दिलं आणि जाहीर केलं की आपण सुट्टीत घरांची अदलाबदल करतोय. तिच्या ऑफिसातले डच लोक करतात म्हणे. ते तुमच्या घरात, तुम्ही त्यांच्या. तिने परस्पर एक जोडपं शोधलंही होतं. पश्चिम कॅनडात, डोंगरांमधल्या कूटनी नावाच्या लांबलचक तळ्याजवळ, नेल्सन गावात त्यांचं घर. घर, गाडी, तंबू सगळं आपल्याला, आणि आपलं रांगेतलं घर त्यांना.

डोंगर, तळी आणि झाडी सोडून ही माणसं विमानांखाली राहायला का येताहेत, हा पहिला प्रश्न मी विचारला.

"ॲमस्टरडॅम बघायला," केतकी म्हणाली.

"ॲमस्टरडॅम बघायला लोक ॲमस्टरडॅमला राहतात."

"त्यांना सपाटीवर सायकल चालवायचीय, मिलिंद."

सायकल चालवायला कुणी समुद्र ओलांडत नाही, एवढं मला कळतं. पण तिकिटं काढून झाली होती.

मग व्हिडिओ कॉल झाला. बाईंचं नाव मार्लीन, निवृत्त शिक्षिका. नवरा डग. हा कॉलभर फक्त कोपरापुरता दिसत होता, आणि ज्या माणसाचं फक्त कोपर दिसतं तो काहीतरी लपवत असणार, हे मी मनात नोंदवून ठेवलं. मार्लीनने न विचारता सल्ले द्यायला सुरुवात केली. डोंगरातल्या त्या हिरव्यानिळ्या तळ्याला जायचं तर उजाडायच्या आत निघा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. जुलै असला तरी स्वेटर घ्या. मोठ्या तळ्यावरची फेरीबोट फुकट आहे, नुसतं पलीकडे जाऊन या, फार सुंदर दिसतं. रस्त्याकडेला चेरी मिळतील, तिथे कुणी नसतं, पिशवी उचला आणि पैसे पेटीत टाका. रस्त्यात अस्वल दिसलं तर गाडी थांबवू नका. आणि तंबूत राहाल तेव्हा ज्याला म्हणून वास येतो, अगदी टूथपेस्टसुद्धा, ते सगळं तिथल्या लोखंडी कपाटात ठेवा. शेवटी म्हणाली, घराच्या दाराला कुलूप नाही. म्हणजे आहे, पण किल्ली कधीच सापडलेली नाही.

कॉल संपल्यावर मी केतकीसमोर माझं निदान मांडलं. हवी तेवढीच माहिती देणारा माणूस साधा असतो. एवढी माहिती फुकट देणाऱ्याचा काहीतरी डाव असतो. आम्ही अंधारात घराबाहेर पडावं, यात या बाईला इतका रस का?

"तिचंच घर आहे ते," केतकी म्हणाली. "तिच्याच घरात ती चोरी करणार आहे का?"

मुद्दा बरोबर होता. पण मुद्दा पटला म्हणून संशय जात नाही, तो फक्त दबा धरून बसतो.

आता पाटल्यांकडे येतो. केतकीच्या आईने तिला लग्नात घातलेल्या या पाटल्या. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे पाटल्यांचं मोल सोन्याच्या भावात सांगता येणार नाही. त्या आमच्या बेडरूमच्या कपाटात असतात, आणि तिथेच राहू देत, असं केतकीने निघायच्या आधी स्पष्ट बजावलं होतं. ते लोक आख्खं घर उघडं टाकून येताहेत आणि आपण कुलपं लावत बसायचं का, लाज वाटते. मी मान हलवली. मग ती बॅगा भरण्यात गुंतली असताना पाटल्या काढल्या, पायमोज्यात गुंडाळल्या आणि शर्टाच्या आत कमरेला बांधायच्या पाकिटात घातल्या. स्किपोलवर सुरक्षा तपासणीला पाकीट ट्रेमध्ये ठेवावं लागलं, पण केतकी पुढे आमच्या मुलीची, रेवाची, पाण्याची बाटली रिकामी करत उभी होती म्हणून वाचलो. आपण किती दूरदर्शी आहोत, हे कुणालाच सांगता येऊ नये याचं मला विमानात फार वाईट वाटलं.

कॅनडात मी मार्लीनच्या सल्ल्यांची एकेक करून परीक्षा घेतली. फेरीबोटीवर सगळे प्रवासी कठड्याशी उभे राहून बर्फाचे डोंगर बघत होते, आणि मी गाडीत तिकीट तपासनिसाची वाट बघत बसलो. फुकट नेतात म्हणजे येताना पैसे घेणार. येतानाही घेतले नाहीत. तेव्हा आपण नक्की कशात फसलो हे न कळल्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झालो. चेरींच्या टपरीवर मी कॅमेरा कुठे लपवलाय ते शोधत राहिलो, आणि तेवढ्यात केतकीने पैसे टाकून पिशवी उचललीही. हिरव्यानिळ्या तळ्याला मी मुद्दाम आरामात, पोटभर पोहे खाऊन निघालो. तिथे गाडी लावायला जागा नव्हती. पहारेकऱ्याने आम्हाला वळवलं ते थेट परतीच्या रस्त्यावर. रेवाने मागच्या काचेतून लांबवर एक हिरवी रेघ पाहिली, तेवढंच आमचं तळं. शिवाय माझ्याकडे स्वेटर नव्हता. परतीच्या रस्त्यात केतकी एक शब्द बोलली नाही, आणि वरून जाणारं विमानही नव्हतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "यापुढे मार्लीन सांगेल तसंच करायचं."

म्हणून तंबूच्या ठिकाणी गेल्यावर मी चेहऱ्यावर आज्ञाधारकपणा ठेवला होता. दाट पाइनची झाडं, खाली तळं, आणि दर चार तंबूंना मिळून एक लोखंडी कपाट. त्याची कडी अशी बनवलेली की अस्वलाचा पंजा आत जात नाही, माणसाचा हात जातो. लोक सरळ आपापलं खाणं त्यात ठेवून निघून जात होते. कुलूप नाही, नाव नाही, काही नाही. केतकीने आमचं सामान त्यात लावलं: ब्रेड, फळं, टूथपेस्ट आणि भाजणीचा डबा. भाजणी तिच्या मावशीने पुण्याहून पाठवलेली, कारण तंबूत गरम थालीपीठ खायचं हे केतकीचं स्वप्न होतं.

मग दोघींनी पोहायला चला म्हणून घाई केली. आणि माझ्या लक्षात आलं की पाकीट कमरेला बांधून पाण्यात उतरता येणार नाही, आणि काढून काठावर ठेवलं तर केतकी विचारणार. तंबूला तर चेनच. गाडी आमची नाही, तिच्या आणखी किती किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत देव जाणे. अशा वेळी माणूस आपल्या रक्ताकडे वळतो. मला आत्या आठवली. मी टॉवेल विसरल्याचं निमित्त करून मागे आलो, भाजणीत मनगटापर्यंत हात घातला आणि पायमोज्यातून काढलेल्या पाटल्या तळाशी सारून वरून पीठ सपाट केलं.

डबा परत कपाटात ठेवताना मात्र हात अडला. अस्वलाला कडी उघडता येत नाही, कबूल. पण शेजारच्या तंबूतलं ते म्हातारं जोडपं? मघाशी त्यांनी मला दोनदा हात हलवून हॅलो केलं होतं, ओळख ना पाळख. मी डबा काढला, बाहेरच्या लाकडी टेबलाखाली ठेवला, त्यावर टॉवेल टाकला आणि निर्धास्त मनाने पोहायला गेलो. (हो, टॉवेल आणायला आलेला मी टॉवेल न घेताच गेलो. केतकीने काही विचारलं नाही, पण पाहिलं.)

परत आलो तेव्हा टॉवेल घडी घालून टेबलावर ठेवला होता आणि डबा नव्हता.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. आयुष्यभर मी जे म्हणत होतो ते अखेर घडलं होतं! दुसऱ्या क्षणी आठवलं की ते माझ्याच बाबतीत घडलंय. मी शेजारच्या तंबूकडे गेलो. म्हातारेबुवा काहीतरी तपकिरी खात होते. मी वाकून त्यांच्या ताटलीत पाहिलं. त्यांनी प्रेमाने एक घास पुढे केला. ब्राउनी होती.

तेवढ्यात रेवाने टॉवेलखाली दगडाने दाबून ठेवलेली पिवळी चिठ्ठी वाचली. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. "बाबा, नोबडी स्टोल इट. द वॉर्डन टुक इट, बिकॉज ऑफ बेअर्स." उघड्यावर ठेवलेलं खाणं तिथले रखवालदार उचलून नेतात, आणि मालकाने चौकीत जाऊन बोलणी खाऊन ते सोडवायचं असतं.

"राहू दे तो डबा," केतकी म्हणाली. "आज ब्रेड खाऊ."

"भाजणी सोडायची?" माझा आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"घरी थालीपीठ केलं की 'परत थालीपीठ?' म्हणून तोंड वाकडं करणारा तूच ना?"

"मावशींनी इतक्या प्रेमाने पाठवलीय."

मावशींचं नाव मी गेल्या कित्येक वर्षांत आपणहून घेतलेलं नव्हतं. केतकीने डोळे बारीक केले आणि म्हणाली, मीपण येते.

चौकीत टोपी घातलेली एक तरुण वॉर्डनबाई बसली होती. डब्यात काय आहे, तिने विचारलं. मी भाजलेले तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे असं सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता मला जाणवलं की आपण एका सरकारी माणसाला तपकिरी पावडरीचं वर्णन करतोय. लोखंडी कपाट समोर असताना डबा टॉवेलखाली का दडवला, तिने विचारलं.

"कपाटाला कुलूप नव्हतं," मी म्हणालो.

"पीठ कोण चोरणार?"

हाच आमच्या घराण्याचा मूळ सिद्धांत, आणि तो माझ्याच तोंडावर मारला गेला. केतकीही आता माझ्याकडे बघत होती. वॉर्डनबाई शांतपणे म्हणाली की डब्याचं झाकण सैल होतं, पीठ सांडलं होतं, त्यामुळे ते अस्वलांपासून सुरक्षित अशा कचरापेटीत टाकून दिलंय. रिकामा डबा मात्र घेऊन जा.

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आपण केतकीचं काय घालवून बसलो हे कळलं आणि रडूच यायला लागलं, अगदी खरंखुरं.

"त्यात पाटल्या होत्या," मी मराठीत म्हणालो.

"कुणाच्या?" केतकीने विचारलं. मी मान वर केली नाही. ती म्हणाली, "आईच्या?"

वॉर्डनबाईला मराठी येत नव्हतं, पण चेहरे वाचता येत होते. तिने खण उघडला आणि पाटल्या टेबलावर ठेवल्या. पीठ टाकताना त्या खणकन वाजल्या होत्या. आता हे सोनं मागायला कोण येतो आणि काय सांगतो, हे पाहायला ती थांबली होती. म्हणजे मी आत आल्यापासून तिला माझा संशय होता, आणि इतका रीतसर संशय मी स्वतः कधी कुणाचा घेतला नव्हता.

"या तुमच्या?" तिने केतकीला विचारलं.

"माझ्या आईच्या," केतकी म्हणाली. "पण त्या इथे नाहीत. त्या नेदरलँड्समध्ये माझ्या कपाटात आहेत."

वॉर्डनबाईने फोन जवळ ओढला. मग केतकीने पाटली उचलून आतल्या बाजूला कोरलेली आईची अक्षरं दाखवली, हातात चढवली, आणि ती बरोबर बसली. वॉर्डनबाईचं समाधान झालं. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि या गृहस्थांना तुम्ही ओळखता?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. इतका वेळ, की वॉर्डनबाईचा हात पुन्हा फोनकडे गेला.

"बाबा इज विथ अस," शेवटी रेवा म्हणाली.

बाडहूव्हडॉर्पला परतलो तर घर जसंच्या तसं होतं. नाही, जास्त चांगलं होतं. डगने आमचा गळका नळ दुरुस्त केला होता आणि मार्लीनने केतकीच्या कपाटाला सुगंधी पुडी लावून ठेवली होती. येत्या उन्हाळ्यात ते दोघं पुन्हा येताहेत आणि आम्ही पुन्हा नेल्सनला जातोय.

पाटल्या इथेच, घरातच राहणार आहेत. मात्र त्या कुठे ठेवल्यात हे घरातल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला माहीत असावं, असं केतकीचं म्हणणं पडलं. मला ते शंभर टक्के पटलं, आणि मी कान देऊन बसलो. तिने मार्लीनला फोन लावला आणि मला चहा ठेवायला पाठवलं.