रंग उडालेलं पाणी

तलावाचं पाणी निळंशार दिसलं की पोहायला आलेले लोक खूश होत. तात्यांना त्यांची कीव येई. निळी आहे ती खालची फरशी, पाण्याला कसला आलाय रंग, असं ते पुटपुटत आणि मान दुसरीकडे वळवत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या एकाच तलावाचं पाणी तपासलं. दिवसातून चार वेळा कोपरापर्यंत हात बुडवून काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात गोळी चुरडून टाकायची, गुलाबी रंग किती गडद येतो ते तक्त्याशी ताडून बघायचं आणि क्लोरीनचा आकडा वहीत लिहायचा. रंग फिका आला तर क्लोरीन कमी, गडद आला तर जास्त. ऐकायला सोपं वाटतं, पण तात्यांच्या हाताखाली माणूस काही टिकत नसे. कुणी आळस करून वरवरचं पाणी नळीत भरलं, तरी ते नळी हिसकावून घेत. आम्लाच्या बादलीत क्लोरीनचं माप बुडवणाऱ्या, म्हणजे विषारी वायूच करायला निघालेल्या एकाला तर त्यांनी त्याच पावली घरी धाडलं होतं.

शेवटी टिकली ती त्यांची लेक. आई गेल्यावर घरात दोघंच उरली होती, तिला काम हवं होतं आणि बापाच्या बोलण्याची तिला सवय होती. चार वर्षं तिने शिव्या खाल्ल्या आणि काम शिकली. तात्यांनी तिचं कौतुक कधी केलं नाही. फक्त पाचव्या वर्षापासून त्यांनी तिचा आकडा पुन्हा तपासणं बंद केलं. हे प्रशस्तिपत्रक तलावावर दुसऱ्या कुणाला मिळालं नव्हतं.

मग तात्या विसरू लागले. आधी चष्मा, किल्ल्या, दाराची कडी. त्याला कोण विचारतो, या वयात सगळेच विसरतात. पण एका सकाळी पाण्यात क्लोरीन टाकून ते पंपाच्या खोलीत गेले आणि पाच मिनिटांनी पुन्हा माप भरून बाहेर आले. लेकीने विचारलं तर म्हणाले, अजून टाकलाय कुठे? तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मागे राहू लागली. ते तपासून गेले की गाळणी साफ करायच्या निमित्ताने तीही नमुना घ्यायची. त्यांनी माप उचललं की काहीतरी विचारून ते त्यांच्या हातातून काढून घ्यायची. हे कुणालाही सांगायचं नाही असं तिने ठरवलं. काम गेलं तर तात्यांचं उरणार काय, हा एकच विचार तिला खात होता. तलावात लहान पोरं उतरतात हेही तिला कळत होतं. पण मी आहे ना, असं ती स्वतःला समजावत राहिली आणि सात महिने तिने ते निभावून नेलं.

मग तिची दाढ दुखायला लागली. तीन रात्री तळमळून काढल्यावर चौथ्या दिवशी ती दाढ काढायला गेली. दोन तासांचाच तर प्रश्न होता. तपासायच्या गोळ्यांचा डबा तिने नेहमीच्या जागी ठेवला आणि क्लोरीनचं पिंप बंद करून त्यावर दोन जड पेट्या रचल्या.

ती परतली तेव्हा तलाव रिकामा होता आणि काठावर पालकांचा गलका चालला होता. अकराच्या वर्गातली पोरं डोळे चोळत, खोकत बाहेर आली होती. एका मुलीला तर दवाखान्यात न्यावं लागलं होतं. संध्याकाळपर्यंत ती बरी होऊन घरी गेली, पण तोवर लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

तलावाच्या मॅनेजरबाईंनी दोघांना पंपाच्या खोलीत बोलावलं. पिंपावरच्या दोन्ही पेट्या खाली उतरवलेल्या होत्या. बाईंच्या हातात नोंदवही होती. लेकीने उभ्या उभ्याच पान पाहिलं. नऊपासून अकरापर्यंत चार नोंदी, चारही तात्यांच्या अक्षरात, प्रत्येकीपुढे टाकलेली मापं. शेवटची नोंद होती शून्य.

तात्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. पाणी बिघडलंय एवढंच त्यांना कळलं आणि ते तरतरीत झाले. कोपरापर्यंत हात बुडवून त्यांनी नमुना आणला, गोळी टाकली. नळीत क्षणभर गुलाबी झाक आली आणि लगेच उडाली. पाणी स्वच्छ, बिनरंगी. तात्या हसले. मग अर्धं पाणी ओतून टाकून त्यांनी नळीत बाटलीतलं शुद्ध पाणी भरलं. रंग काही आला नाही. पुन्हा अर्धं ओतून पुन्हा भरलं, ताजी गोळी टाकली, आणि नळी गडद गुलाबी झाली.

मॅनेजरबाईंना त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. क्लोरीन बेसुमार झाला की तो गोळीचा रंगच खाऊन टाकतो. अडाण्याला वाटतं, रंग नाही म्हणजे क्लोरीन नाही, आणि तो आणखी टाकतो. पंधरा वर्षांपूर्वी बोलले असते तसेच ते बोलत होते, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लेकीला वाटलं, हे असेच बोलत राहावेत.

"ज्याने हे केलं त्याला पुन्हा पाण्याजवळ उभं करू नका," तात्या म्हणाले. "मग तो कोणी का असेना. लहान पोरं उतरतात इथे."

मॅनेजरबाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. लेकीने त्यावर हात ठेवला आणि ती मिटली. तिच्या गालात अजून कापूस होता, शब्द धड फुटत नव्हते.

"मीच केलं, तात्या."

तात्या रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडून टेबलावर ठेवल्या. आपल्या हाताखाली तयार झालेलं माणूस असं वागलं, आता कोणत्या तोंडाने इथे यायचं, असं ते मॅनेजरबाईंना म्हणाले आणि चपला घालून चालू लागले. वहीतलं अक्षर पाहूनच बाईंना समजलं होतं, उरलेलं लेकीने सांगितलं. सात महिने लपवल्याबद्दल त्यांनी लेकीला चांगलंच फैलावर घेतलं, आणि सोमवारपासून कामावर यायला सांगितलं.

घरी मात्र तिचं काम गेलेलंच राहिलं. मी चष्म्याच्या दुकानात लागले, असं तिने तात्यांना सांगितलं. रोज निघताना ती तलावाचे कपडे पिशवीत लपवून न्यायची आणि येताना कोपरापर्यंत हात घासून धुवायची. तात्या तिच्याशी कामापुरतंच बोलत. दुकानदाराला, डॉक्टरांना, भेटेल त्याला ते सांगत, की माझ्या मुलीने पाणी बिघडवलं. ती शेजारी उभी राहून ऐकून घ्यायची. खरं सांगावं असं तिच्या ओठांवर कितीदा यायचं. ती ते गिळून टाकायची.

दोन वर्षांत तात्यांचं बाकी सगळं पुसलं गेलं. बायको गेली हे विसरले, घराचा मजला विसरले, लेकीचं नाव विसरले. ते बिघडलेलं पाणी तेवढं लक्षात राहिलं. आता ते तिला अहोजाहो करत, कामाला ठेवलेली बाई समजून.

एका दुपारी ती त्यांना वरणभात भरवत होती. ते आपणहून बोलायला लागले.

"माझी एक मुलगी होती. पाण्याचंच काम करायची. चुकली एकदा. पोरांच्या जिवावर बेतलं होतं."

"मग तुम्ही तिला काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? मी विचारायच्या आधीच म्हणाली, मी केलं. लपवलं नाही तिने." तात्यांनी घास गिळला. "खोटं बोलणारी नव्हती हो ती."

लेकीने मान हलवली आणि पुढचा घास कालवायला घेतला.