इंजिनाला बाळाचं मेणकापड

उघडं बॉनेट, त्यात कमरेपर्यंत वाकलेले बाबा, मागच्या सीटवर पिवळ्या साडीत, हळदीच्या अंगाने बसलेली सुमनआत्या, आणि समोर मातकट पाण्याने फुगलेला नाला… आत्याच्या लग्नाची सकाळ मला अजून अशीच दिसते. ऐन माघात पाऊस कोसळला होता. आम्ही भोपाळचे, लग्न रायसेनला मुलाच्या दारी, आणि मुहूर्त दुपारचा.

बाबांची टॅक्सी जुनी, पण तिचं पोट आरशासारखं लख्ख. रोज सकाळी रॉकेलच्या फडक्याने ते इंजिनावरची धूळ, तेलकट चिखल पुसत. पाणी मात्र कुणाला ओतू देत नसत. "आंघोळ माणसाला, इंजिनाला फडकं," एवढंच त्यांचं शास्त्र. तो रॉकेलचा वास आमच्या घरात आईच्या फोडणीइतकाच मुरलेला होता…

नाल्यात आधीच दोन गाड्या बंद पडून बसल्या होत्या. काठावरचा ट्रकवाला अस्सल भोपाळी थट्टेत ओरडला, "को खां, दुल्हन के लिए नाव मँगा लो!" आत्याचे डोळे भरले. सासरचे आधीच नाक मुरडणारे. मुहूर्त टळला असता तर लग्नच मोडलं असतं. पंखा फिरला की पाणी इंजिनावर उडवतो, म्हणून बाबांनी पंख्याचा पट्टाच काढला. पुढच्या जाळीवर गोणपाट बांधलं. राहिली ती इंजिनाला ठिणगी वाटून देणारी डबी – तिला पाणी लागलं की गाडी मेलीच. तिला काय गुंडाळावं?

आईने मांडीवरच्या तान्ह्या बहिणीखालचं मेणकापड ओढून काढलं.

"अहो, हे घ्या."

"अगं, आणि पोरगी?"

"पोरगी वाळते. तुमचं इंजिन वाळेल का?"

दुधाचा, डिकेमालीचा वास मारणारं ते मेणकापड बाबांनी डबीवर लपेटलं, मी दोरी आवळली, आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय जराही न उचलता, बाबांनी गाडी पाण्यात घातली. पाणी दारातून आत आलं, आत्याने पाय वर घेतले, आई देवाला हाका मारत होती, धाकटीने तिची नवी साडी भिजवली… आणि गाडी म्हशीसारखी डुलत, धापा टाकत पलीकडच्या काठावर चढली! ट्रकवाल्याने जो भोंगा वाजवला – तसली सनई मी पुढे कुठल्या लग्नात ऐकली नाही. बाबांची मान त्या दिवशी राजासारखी ताठ होती.

पट्टा परत चढवायला मी हात लावला, त्यात माझं तोंड काळं झालं. मुहूर्त गाठला. मांडवाच्या दारात नवरदेवाची भाची उभी होती, दोन वेण्यांची, मोठ्या तोंडाची. मला बघून म्हणाली, "वऱ्हाडात माकडही आणलंत वाटतं?"

मोठा झाल्यावर त्याच पोरीला मी बायको करून आणली. जन्मभर मला माकडच म्हणाली, चारचौघांतसुद्धा.

ती गेली. आता आनंद नगरात पोराच्या गाडीचं बॉनेट मीच उघडतो, धूळ पुसतो, पाण्यापासून जपतो… शाळा नाही झाली, बाबांकडून हे तेवढं शिकून झालं. मग तसाच काळ्या तोंडाने आत शिरतो आणि उंबऱ्यात जरा थांबतो. कोणी काही म्हणत नाही. सून गुपचूप साबण पुढे करते.