नवरात्रात खपवायला ठेवलेली खारी

अन्याय झाला तो डबे धुणाऱ्या बायकांवर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीला, कंपनीच्या फाटकावर. ‘उद्यापासून येऊ नका,’ एवढंच सांगितलं. त्यांत माझी आत्या होती.

लोणी काळभोरजवळच्या त्या कारखान्यातली खारी पत्र्याच्या मोठ्या डब्यांतून पुण्यातल्या दुकानांत यायची. रिकामे डबे त्याच टेम्पोने परत जायचे. आत्या आणि तिच्या सोबतिणी ते कढत पाण्याने धुवायच्या, उन्हात पालथे घालायच्या आणि पुन्हा भरायला द्यायच्या. मग बाजार खुला झाला, चकचकीत पाकिटं आली आणि डबे भंगारात गेले. पाकीट तर भंगारवालाही घेत नाही. ते थेट नदीपात्रात सापडतं.

मी कॉलेजात गेले तोवर परदेशी गिऱ्हाईक कंपनीला विचारू लागलं होतं, पर्यावरणासाठी काय करता? लगेच एक पर्यावरण विभाग निघाला. आम्ही कॉलेजातली काही जणं स्वारगेटला पत्रकं वाटत होतो: डबे परत आणा, बायका परत घ्या. बोभाटा झाल्यावर त्या विभागाच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, नारायण पेठेत चाचणी घेऊ. खप टिकला तर डबेही परत, बायकाही परत.

डबे दुकानांत आले घटस्थापनेला.

मी साहेबांना फोन केला. “अहो, अर्धी पेठ उपवासाला बसलीय. खारी कोण खाणार?”

“मॅडम, क्वार्टर संपतंय. आपण डेटा बघू ना.”

दसऱ्याला टेम्पो येऊन न खपलेले डबे घेऊन गेला. पाकिटंही तशीच पडून होती, पण त्यांचा खप कोणी पाहिला नाही. पेठेतल्या दुकानदार काकांना मी हे सांगितलं, तर चष्मा पुसत म्हणाले, “नवरात्रात मैदा खपत नाही, हा शोध लावला त्यांनी? सत्कार करा. नारळ आमच्याकडून.”

मग कंपनीत बैठक झाली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत: ग्राहकांना डबा नको. शेजारी प्रत्येकाला वाटायला रोपं, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी उभी राहिले. “चाचणी पुन्हा घ्या. साध्या दिवसांत घ्या.”

“मॅडम, तुम्ही इमोशनल होताय.”

“होतेय. तुम्ही खोटं बोलताय. दोन्ही लिहून घ्या.”

मला बाहेर काढलं. फाटकाशी आत्या आणि तिच्या सोबतिणी उभ्या होत्या, बोलावतील म्हणून.

“काय म्हन्ले?”

“खप झाला नाही म्हणतात.”

“नवरात्रात?” आत्या हसलीच. “आपल्यात उपास न्हाय, तरी मला म्हाईत हाय. त्यांच्या घरात तर घट बसत्यात की गं!” मग हसू गेलं. “म्हंजी घ्यायचंच नव्हतं आमाला.”

नव्हतंच. हे माझ्या पत्रकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा खरं होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी नवं पत्रक छापलं. ते अजून वाटतेय.

आता तुम्ही. पेठेत राहत असा नाहीतर हिंजवडीच्या ऑफिसात बसत असा, उद्या त्यांच्या खारीचं पाकीट काउंटरवर परत ठेवा आणि डब्यातली मागा. पाकिटावर कंपनीचा फोन असतो, तो लावा. विचारा, चाचणी पुन्हा कधी? डबे धुवायला त्याच बायका घेणार की नाही? उत्तर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.