मागून येणारा आवाज

आवाज रेकॉर्ड करण्याचं काम घरात पहिल्यांदा धरलं ते ताईनं. माइक किती अंतरावर ठेवायचा, गाण्यातला खोकला कसा कापायचा, हे धाकट्या बहिणीलाही तिनंच शिकवलं. पण शिकून तयार झालेल्या धाकटीनं मागच्या गल्लीत स्वतःची खोली थाटली, गिऱ्हाइकं तिकडे वळू लागली, आणि ताईच्या पोटात दुखायला लागलं. धाकटीच्या टेबलावर दोन मोठे स्क्रीन आहेत असं कानावर आलं मात्र, ताईनं त्याहून मोठे दोन स्क्रीन आणले आणि ते चालवायला भारीतलं ग्राफिक्स कार्डही.

तेव्हापासून कामाला दृष्ट लागल्यासारखं झालं. नेहमी येणारी एक गायिका गायची आणि तिचाच आवाज हेडफोनमध्ये जरासा मागून यायचा, मध्येच तडतडायचा. ताईनं वायरी बदलल्या, माइक बदलला. सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून मग पुढे सोडायची जागा, वाढवला की तडतड थांबे, पण आवाज आणखी मागे पडे. कमी केला की तडतड पुन्हा हजर. संगणकावरच्या लिनक्स प्रणालीत बाकी सगळ्या कामांआधी आवाजाला पहिला मान देऊन झाला, तरी फरक नाही. एक दिवस गायिकेनं हेडफोन काढून ठेवले.

"ताई, राग मानू नका, पण तुमच्या बहिणीकडे असं होत नाही."

ते ताईच्या जिव्हारी लागलं. जेवताना नवरा म्हणाला, तिलाच बोलवू या. ताई त्याच्यावरच उखडली. पण काम खोळंबलं होतं, शेवटी मुकाट्यानं फोन लावला.

धाकटी आली. तिनं माइकला हात लावला नाही. रेकॉर्डिंग सुरू ठेवून स्क्रीनवरची एक खिडकी इकडून तिकडे ओढली, तशी हेडफोनमध्ये तडतड.

"ऐकलंस? कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, स्क्रीनवर चित्र काढताना प्रोसेसर अडवून बसतो. आवाज ताटकळत राहतो बिचारा."

तिनं कार्ड काढलं, एकच स्क्रीन संगणकाच्या मदरबोर्डवर मुळातच असलेल्या साध्या ग्राफिक्सला जोडला. आता खिडकी कितीही ओढली तरी आवाज स्वच्छ. बफरही निम्म्याच्या खाली आला, त्यामुळे आवाज मागे पडणंही थांबलं.

"पण आवाजाच्या कामाला एवढं कार्ड कशाला घेतलंस गं?"

ताईनं मान फिरवली. "तुझ्याकडे दोन स्क्रीन आहेत म्हणून."

"अगं, ते जुन्या बाजारातून उचललेत. त्यातला एक तर सुरूच होत नाही."

दोघी हसल्या, ताई जरा उशिरानं.

गायिका परत आली, सलग तीन गाणी गायली. जाताना तिनं विचारलं, दुरुस्ती कुणी केली? ताईच्या ओठांवर नाव आलं होतं, पण जीभ रेटेना.

"घरच्या घरीच झाली," ती म्हणाली आणि पुढच्या तारखेचं बोलू लागली.