सात नंबरचं टोकन

जुनी नाणी सांभाळायला डोकं थंड लागतं. ते माझ्याकडं नाही, म्हणून नाण्यांपेक्षा भांडणंच जास्त जमलीत.

आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मांजरसुंब्याला हॉटेल होतं. सुट्टे नसले की गिऱ्हाइकाला ते पितळी टोकन द्यायचे. एका टोकनावर एक चहा. बीडच्या तांबटाकडून पंचवीस करून घेतलेली, प्रत्येकावर नंबर. निजामाच्या नाण्यांसोबत ती पत्र्याच्या डब्यातून माझ्याकडं आली. बघते तर चोवीसच. सात नंबर गायब. शाळेतून रिटायर झाल्यापासून मी तेवढं एकच शोधतेय. बाकीचे लोक आहे ते घालवायच्या मागं!

*

आमच्या वहिनीचंच बघा. दिवाळीआधी मी लेकीकडं आष्टीला गेलते. परत आले तर तांब्याची सगळी नाणी चिंच आणि राखेनं घासून उन्हात वाळत घातलेली. इतक्या वर्षांचा रंग गेला, अक्षरं गेली. जुनं नाणं घासायचं नसतं हे तिला शंभरदा सांगितलंय.

"मग असले कळकट पैसे लक्ष्मीपुढं मांडू का?" उलट तिनंच मला झापलं.

*

भाऊ तात्या तिच्या वरताण. डब्यात मधोमध भोक असलेले चार पैसे होते, एक कमी भरला. विहिरीवर गेले तर हा पंपाच्या बोल्टखाली वायसर म्हणून बसवलेला.

"लई फिट बसलाय बघ," तात्या म्हणाला. मी पाना मागितला.

"कावून खोलतीस? गहू भिजू दे की."

गहू निघाला, दळून आला, आम्ही खाल्लासुद्धा. पैसा अजून पंपालाच आहे.

*

मी जिथं आयुष्यभर शिकवलं त्या शाळेनं प्रदर्शनाला नाणी मागितली. विश्वासानं दिली. हेडसरांनी ती प्लायवूडला चिकटवून टाकली, "हलू नयेत म्हणून, मॅडम." चारमिनार छापलेल्या रुपयाखाली चिठ्ठी होती, 'मौर्यकालीन नाणे'. मी तिथंच आवाज चढवला.

"मॅडम, वाचतंय कोण?" हेडसर म्हणाले.

*

परवा दुपारी एक म्हातारे धनगरबाबा दारात आले. मेंढरं रस्त्याकडंला थांबलेली.

"हॉटेलवाल्याचं घर हेच ना?" त्यांनी कडोसरीतून काढून तळहात पुढं केला. पितळी टोकन. सात नंबर.

मी म्हटलं, "बाबा, हे कुठं मिळालं?"

"तुज्या बापानंच दिलतं. मेंढरं म्होरं गेलती, चहा प्याचा राह्यला. त्यो दे."

आण्णा गेले, हॉटेल बंद झालं, सगळं सांगितलं. म्हटलं, रोज येऊन चहा प्या, पण टोकन मला द्या.

"एकाचंच हाय," बाबा म्हणाले, आणि ओट्यावर बसले.

आलं ठेचलं, साखर सढळ हातानं घातली, म्हशीचं निरसं दूध वापरलं. बाबा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्याले. मी हात पुढं केला. त्यांनी टोकन धोतराला पुसलं आणि परत कडोसरीला खोचलं.

"अहो बाबा, चहा प्यालात ना?"

"प्यालो की," काठी घेत ते उठले. "पर ह्यो तुज्या बापाचा न्हाई."