वरच्या ग्रेडची सायकल

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला वरची ग्रेड म्हणजे चांगली, हे शिकवावं लागत नाही. म्हणून खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणारी कार्बनची सायकल घ्यायची ठरली, तेव्हा मी सगळ्यांत वरच्या ग्रेडची फ्रेम निवडली. मुलीकडे त्याच कंपनीची मधल्या ग्रेडची होती. ती म्हणाली, "बाबा, ही खूप कडक आहे. वरचा कार्बन वजनाला हलका, पण तो दबत नाही." मी ऐकलं नाही. ती लवकरच नोकरीसाठी जर्मनीला जाणार होती आणि उरलेले रविवार मला तिच्या बरोबरीने सायकल चालवायची होती, मागून नव्हे.

कोलकात्यात आमच्या खिदिरपूरहून बजबजकडे निघालो की डांबरावर माझी सायकल खरंच उडायची. पायडल मारलं की लगेच पुढे. पण नदीकाठच्या गावांत शिरलं की विटा अंथरलेले रस्ते लागतात. तिथे प्रत्येक वीट थेट मनगटात यायची. टायरमधली हवा कमी केली, त्याने बराच आराम पडला, तरी बोटं बधिर व्हायचीच. मुलगी पुढे निघून जायची आणि चहाच्या टपरीवर माझी वाट बघत बसायची. फ्रेमचा आणि माझा स्वभाव एकच, मोडेन पण वाकणार नाही. हात दुखतात हे मी कबूल करेन तर शपथ.

शेवटी एका रविवारी टपरीवर मी चिडून म्हणालो की आता वय झालं, पुढच्या वेळी तू एकटीच जा. तिने चहाचं मातीचं भांडं खाली ठेवलं आणि माझी सायकल घेऊन निघाली. आमची उंची सारखीच, त्यामुळे तिची मला बसत नाही असंही म्हणता येईना; तीच घेऊन मागे निघालो.

तिची सायकल जड होती, सुरुवातीला सुस्तच वाटली. पण विटांवर ती किंचित दबत होती, अर्धे धक्के स्वतःच गिळत होती. थोड्या वेळाने लक्षात आलं की आम्ही शेजारी शेजारी चालवतोय आणि मी बोलतोय. लहानपणीचं गाव, माझ्या आईचा हट्टीपणा, काय काय.

"मी काय शर्यतीसाठी येते का रे?" ती म्हणाली. "घरी तू बोलतच नाहीस. इथे बोलशील म्हणून येते."

बरं झालं, रस्त्याकडे बघायचं निमित्त होतं.

जर्मनीला जाताना ती माझी सायकल घेऊन गेली, स्वतःची मला ठेवून. मी अजून दर रविवारी बजबजला जातो. हात दुखत नाहीत. विटांचा रस्ता आला की एका कडेने चालवतो, तिच्यापुरती जागा सोडून.